मुलांसाठी कॉलेज पाहायला जाताना

सोयाबीनच्या बियाण्याची पिशवी घेताना आपण लेबल वाचतो, दोन शेजाऱ्यांना विचारतो, आणि तरीही पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून किती उगवतात ते घरी मोजतो. पोराचे कॉलेज निवडताना मात्र आपण एवढेही करत नाही. चौकातल्या फलकावर पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो दिसतात, निकालाचा आकडा दिसतो, तेवढ्यावर आपण फी भरून मोकळे होतो.

हे मी दुसऱ्यांना शहाणपण शिकवायला लिहीत नाही. ही चूक माझ्याच हातून झाली आहे आणि तिची किंमत दुसऱ्याच्या मुलीने मोजली आहे.

मी पंचायत समितीत विस्तार अधिकारी आहे. गावोगाव फिरताना बी-खताबरोबर ‘साहेब, पोराला कुठं घालू?’ हा प्रश्नही येतोच. 2022 साली माझ्या तालुक्यातले एक कपाशी-तुरीवाले शेतकरी आपल्या मुलीची गुणपत्रिका घेऊन आले. पोरगी हुशार, गणितात विशेष. मी मोठ्या शहरातल्या एका नावाजलेल्या अभियांत्रिकी कॉलेजचे नाव सुचवले. कशावरून? निकालावरून आणि नोकऱ्यांच्या आकड्यांवरून. मी ते कॉलेज डोळ्यांनी पाहिलेही नव्हते.

दिवाळीला मुलगी घरी आली ती परत जायलाच तयार होईना. वडील तिला घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, ‘साहेब, माझी पोरगी भित्री हाय का हो?’

मुलीने जे सांगितले ते असे. तिला डेंग्यू झाला, दहा दिवस वर्ग बुडाले. वही मागितली तर तिघींनी ‘घरी राहिली’ म्हणून सांगितले. खोलीतली मुलगी दिवा विझवून झोपल्याचे सोंग करी आणि पहाटे उठून पांघरुणात मोबाईलच्या उजेडात वाची, कारण किती वाचले ते कळू द्यायचे नव्हते. ग्रंथालयातल्या एका पुस्तकातली नेमकी परीक्षेला येणारी पाने कुणी तरी ब्लेडने कापून नेली होती. मार तर नव्हताच, रॅगिंगही नव्हते. तक्रार करावी असे काहीच नव्हते आणि तरी पोरगी रात्रभर जागी राहत होती.

शहरातली मुले दुष्ट असतात असे समजू नका. मी पुढे चौकशी केली तेव्हा कळले की त्या कॉलेजात पहिल्या वर्षानंतर शाखा बदलून मिळायची, पण जागा मोजक्या. मागणीच्या शाखेत जाऊ इच्छिणारी मुले शंभर-सव्वाशे. शिवाय काही विषयांत गुण ‘सापेक्ष’ पद्धतीने. म्हणजे तुम्हाला सत्तर गुण पडले तरी तुमची श्रेणी ठरणार ती बाकीच्यांना किती पडले यावरून. अशा ठिकाणी शेजारणीला वही देणे म्हणजे स्वतःची श्रेणी खाली आणणे. ज्वारी दाट पेरली तर ताटे उजेडासाठी एकमेकांच्या वर जायला पाहतात, उंच आणि बारीक होतात, आणि एका वाऱ्यात लोळतात. त्यात ताटांचा काय दोष? पेरणाऱ्याने अंतर ठेवले नाही.

मी स्वतः परभणीला शिकलो, 1989 ते 1993. विद्यापीठाची स्थापना 1972 ची असली तरी तिथले कृषी महाविद्यालय 1956 पासूनचे. आमच्या आधी चार वर्षे ‘परभणी क्रांती’ ही केवड्याला दाद न देणारी भेंडी तिथून बाहेर पडली होती आणि आमचे गुरुजन ते नाव अभिमानाने घेत. अभ्यास कमी नव्हता. सकाळी प्रक्षेत्रावर प्रात्यक्षिक, दुपारी वर्ग. पण मार्क ज्याचे त्याला. शंभरपैकी ऐंशी पडले तर दहापैकी आठ, शेजाऱ्याला नव्वद पडोत की पन्नास. कृषी विद्यापीठांची ही पद्धत मला अजूनही भली वाटते.

कीटकशास्त्राला आम्हाला किडे गोळा करून, टाचणीला लावून पेटी सादर करावी लागे. आदल्या रात्री मेसच्या दिव्याखाली बाजार भरायचा. ‘तुझ्याकडं दोन नाकतोडे आहेत, एक मला दे, मी तुला ढालकिडा देतो.’ गुरुजनांना हे ठाऊक असे. एका सरांनी तर एकाला विचारले, ‘हा भुंगेरा मी काल दुसऱ्या पेटीत पाहिला होता, आज इकडं उडून आला काय?’ माझे संख्याशास्त्र कच्चे होते. लातूरकडच्या एका मित्राने महिनाभर रोज रात्री तास-दीड तास बसून ते माझ्याकडून करून घेतले. तो पहिला आला, मी पास झालो. त्याचे काही कमी झाले नाही. अर्थात आमच्यातही जर्नल कुलपात ठेवणारे दोघे-तिघे होतेच. सगळे सोन्याचे होते असे मी म्हणणार नाही.

निवांत आणि निजलेले यात फरक

स्पर्धा नको म्हणून जिथे अभ्यासच नाही तिथे मूल घालणे ही दुसरी चूक, आणि ती आपल्याकडे अधिक होते. हजेरी कागदावर, प्रात्यक्षिके परीक्षेच्या आठवड्यात उरकलेली, शिक्षकांच्या निम्म्या जागा रिकाम्या. तिथे मुले एकमेकांशी गोडच वागतात, कारण भांडावे असे काही नसतेच. अशा ठिकाणाहून तीन-चार वर्षांनी मूल हातात पदवी आणि डोक्यात काहीच नाही असे परत येते.

तेव्हा शोधायचे ते असे कॉलेज जिथे शिकवणे कसून आहे आणि मुले एकमेकांना ओढून नेतात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1947 साली साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज काढले तेव्हा ‘कमवा आणि शिका’ हेच त्याचे वैशिष्ट्य होते. सकाळी एका शेतात कुदळ मारणारी पोरे दुपारी एका बाकावर बसत. ज्याच्याबरोबर पाण्याची पाळी धरली त्याच्यापासून वही लपवणे जरा अवघडच. आज कृषीच्या पदवीतही शेवटच्या वर्षी मुलांचे गट खेड्यात राहायला जातात आणि कार्यानुभव घेतात. मी अशा कितीतरी गटांना शेतकरी जोडून दिले आहेत. दोन-तीन महिने एका घरात राहून, एकाच पिठल्यावर दिवस काढून ती मुले कशी होतात हे मी जवळून पाहिले आहे.

हे गुण कोणत्याही यादीत सापडत नाहीत. ‘नॅक’ची श्रेणी जरूर पाहावी. केंद्र सरकार 2016 पासून संस्थांची क्रमवारी काढते, तीही पाहावी. तिच्यात अध्यापन मोजतात, संशोधन मोजतात, लोकांचे मत मोजतात. आजारी पडलेल्या मुलीला वही कोण देते, ते मोजत नाहीत. ते आपणच जाऊन पाहावे लागते.

आम्ही काय केले

पुढच्या वर्षी मुलीने पुन्हा सीईटी दिली. वर्ष गेले ते गेलेच. या वेळी पसंतीक्रम भरण्याआधी मुलगी, तिचे वडील आणि मी एस.टी.ने तीन ठिकाणी गेलो. जाहिरातीतला ‘भेटीचा दिवस’ टाळून साधा मधल्या वारचा दिवस धरला. त्या दिवशी रांगोळ्या नसतात.

प्राचार्यांना आम्ही शेवटी भेटलो. आधी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठले. पहिल्या वर्षाच्या मुलांना काही कळलेले नसते आणि शेवटच्या वर्षाची नोकरीच्या चिंतेत असतात. त्यांना ‘कॉलेज चांगले आहे का?’ असे विचारून उपयोग नाही. कोण वाईट म्हणेल? आम्ही विचारले, ‘मागच्या सत्रात कुणी आजारी पडलं होतं का? मग त्याचं जर्नल कसं पुरं झालं?’ एका ठिकाणी मुले एकमेकांकडे पाहू लागली. दुसऱ्या ठिकाणी चौघे एकदम बोलू लागले आणि तो आजारी पडलेला मुलगाच हाक मारून बोलावला.

वडिलांनी मेसच्या आचाऱ्याशी गप्पा मारल्या. त्यांना तेवढेच जमते असे ते म्हणाले, पण आचाऱ्याने सांगितले ते प्राचार्यांनी सांगितले नसते. परीक्षेच्या काळात किती ताटे परत येतात, कोण जेवायला येतच नाही, हे त्याला तोंडपाठ होते.

सगळ्यांत चांगली युक्ती मुलीची. ती फाटकाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेली. पहिल्या गावी दुकानदार म्हणाला, ‘ताई, पोरं प्रत काढून झाली की मशीनवर कागद राहिला का ते दोनदा बघून जातात.’ तिसऱ्या गावी दुकानदाराने फळीवरून सुतळीने बांधलेले चार गठ्ठे काढले. वरच्या वर्गातल्या मुलामुलींच्या हाताने लिहिलेल्या वह्या. ‘मागच्या सालच्या पोरीनं जाताना ठेवून दिल्यात. ज्याला लागंल त्यानं काढायच्या.’ मुलीने तिथेच माझ्याकडे पाहिले.

तरी आम्ही घाई केली नाही. ते निजलेले कॉलेज तर नाही ना, हे पाहायचे होते. प्रयोगशाळेत गेलो. बाटल्यांवर धूळ नव्हती. मी दोन जर्नले चाळली. दोघांची निरीक्षणे वेगवेगळी होती, म्हणजे प्रयोग खरेच केले होते. सगळ्यांचे आकडे सारखे असते तर एकाचे पाहून बाकीच्यांनी उतरवले असे समजावे. ग्रंथालयात पुस्तके देण्या-घेण्याच्या नोंदी पाहिल्या, कालच्या तारखेच्या होत्या. शिक्षकांच्या जागा किती भरलेल्या, हे कार्यालयात सरळ विचारले. तेथील लिपिकाला ते आवडले नाही, पण सांगितले. शेवटी प्राचार्यांना गुण देण्याची पद्धत विचारली. वर्गात पहिल्या येणाऱ्यांची वेगळी तुकडी करता का, हेही विचारले.

हे तिसरे कॉलेज कृषी अभियांत्रिकीचे, कृषी विद्यापीठाचेच. पसंतीक्रमात ते पहिले घातले आणि मिळाले. फीच्या बाबतीत सांगायचे तर 2024-25 पासून राज्य शासनाने आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमाचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ केले आहे. उत्पन्नाचा दाखला मात्र वेळेवर काढून ठेवा. तहसीलमध्ये जूनमध्ये काय गर्दी होते ते तुम्हाला मी सांगायला नको.

मुलगी आता तिसऱ्या वर्षाला आहे. पहिली वगैरे येत नाही, आठच्या आसपास असते. मागच्या उन्हाळ्यात मैत्रिणींबरोबर पेरणीयंत्राचा एक छोटा नमुना करून पाहत होती. तो अजून नीट चालत नाही. वडिलांना अजूनही रुखरुख आहे. सोयरे-धायरे बसले की ते आधी त्या शहरातल्या कॉलेजचे नाव घेतात, ‘तिथं नंबर लागला होता’ म्हणून सांगतात, मग खालच्या आवाजात पुढचे. मी त्यांना कधी टोकले नाही. तो नंबर मीच लावायला सांगितला होता.

त्यांचा धाकटा मुलगा यंदा बारावीला आहे. त्याला अजून कोणत्या बाजूला जायचे ते ठरवता आलेले नाही. जानेवारीत तूर निघाली की दोन दिवस काढून जाऊ, असे आमचे ठरले आहे. या वेळी सोमवार किंवा मंगळवार धरायचा. मागच्या खेपेला एका ठिकाणी बाजारचा दिवस निघाला आणि झेरॉक्सचे दुकानच बंद होते.