झोपेतही वाढणारी रास

चैत्रातल्या एखाद्या पहाटे तुम्ही मोहाच्या झाडाखाली उभे राहिला आहात का? धानोरा, कुरखेडा, एटापल्ली, सिंदेवाही या भागांतल्या मुलांना हे विचारायलाच नको. बाकीच्यांसाठी थोडे वर्णन करतो. मोहाची फुले रात्री आणि पहाटे गळतात. झाडाखालची जमीन आदल्या दिवशी साफ करून ठेवलेली असते. आपण घरी जाऊन झोपतो, झाड मात्र आपले काम करीत राहते. उजाडता उजाडता टोपली घेऊन यावे, तर खाली फिकट पिवळ्या, रसाळ फुलांचा सडा पडलेला! तो पाहताक्षणी मनात प्रश्न उभे राहतात. आज किती भरतील? कालच्यापेक्षा जास्त का? कोणत्या झाडाने अधिक दिले?

मोह वेचणे हा खेळ नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. वाकून वाकून कंबर धरते, अस्वलाची आणि वाघाची धास्ती असते, आणि त्या टोपलीवर घरचा बाजारहाट अवलंबून असतो. पण आपण झोपलो असताना काही तरी साठले आणि आता ते मोजायचे आहे, हा पहिल्या क्षणाचा आनंद तेवढा बाजूला काढून ठेवा. आज ज्या खेळांची ओळख करून घ्यायची आहे, ते जवळजवळ त्या एका क्षणावर उभे आहेत.

मोबाइलवरच्या या खेळांना ‘आयडल गेम’ म्हणतात. आपण त्यांना ‘निवांत खेळ’ म्हणू. यात शत्रू नसतो, शर्यत नसते, हरणे तर नसतेच. सुरुवातीला पडद्यावर बोट टेकवले की एक नाणे मिळते. थोडी नाणी जमली की आपोआप नाणी देणारे एखादे यंत्र विकत घ्यायचे. मग फोन खिशात असतानाही रास वाढत राहते. परत येऊन पाहावे, जमले ते उचलावे, नवे यंत्र घ्यावे आणि पुन्हा वाट पाहावी. झाला खेळ!

गंमत अशी की या प्रकारातले आरंभीचे काही खेळ चक्क थट्टा म्हणून जन्माला आले. २००२ साली एरिक फ्रेडरिकसन या अमेरिकन प्रोग्रॅमरने ‘प्रोग्रेस क्वेस्ट’ नावाचा खेळ केला. त्यात आपला वीर तयार करून द्यायचा आणि मग नुसते बघत बसायचे. लढाया, लूट, बढती सारे आपोआप! २०१० साली इयन बोगोस्ट या प्राध्यापकाने फेसबुकवर ‘काऊ क्लिकर’ आणला. कुरणात एक गाय उभी. तिच्यावर टिचकी मारली की एक आकडा वाढणार, आणि पुन्हा टिचकी मारायला ६ तास थांबायचे. थांबायचे नसेल तर पैसे मोजायचे. असल्या खेळांत काहीच अर्थ नसतो हे लोकांना दाखवून द्यावे, एवढाच त्याचा हेतू होता. पण झाले उलटेच. पन्नास हजारांवर लोक ती गाय मनापासून सांभाळू लागले.

असे का व्हावे? ज्यात कौशल्य नाही, गोष्ट नाही, त्यात गोडी कसली?

उत्तर शोधण्यासाठी फोनची गरज नाही. मूठ दोन मुठी चिंचोके, एक खडू आणि एक मित्र पुरे. प्रत्येक चिंचोका म्हणजे एक मोहफूल. तुमच्याकडे सुरुवातीला एक झाड आहे, म्हणजे जमिनीवर खडूने काढलेले एक वर्तुळ. मित्राने सावकाश एक, दोन, तीन असे अंक म्हणायचे. दर अंकाला प्रत्येक झाड एक फूल देते. पुरेशी फुले जमली की ती देऊन नवे झाड घ्यायचे. आता हा खेळ तीन तऱ्हांनी खेळा.

पहिल्या तऱ्हेत प्रत्येक झाडाची किंमत १० फुले, कायमची. दुसरे झाड मिळायला १० अंक थांबावे लागेल. तिसऱ्याला ५ च, कारण आता दोन झाडे फुले देत आहेत. पुढे ३.३, २.५, २... लवकरच झाडे इतक्या वेगाने वाढतात की वर्तुळे काढायला हात पुरत नाही. पाच मिनिटांत कंटाळा येतो. दुसऱ्या तऱ्हेत दर खेपेस किंमत दुप्पट करा : १०, २०, ४०, ८०. मग थांबणे होते १०, १०, १३.३, २०, ३२, ५३.३ अंकांचे. येथे मित्रच आधी कंटाळेल, कारण मोजून मोजून त्याचा घसा सुकेल. तिसऱ्या तऱ्हेत किंमत दर वेळी पाचाने वाढवा : १०, १५, २०, २५. आता थांबण्याचे आकडे पाहा : १०, ७.५, ६.७, ६.२५... ते उतरत उतरत ५ च्या जवळ येतात, पण ५ च्या खाली कधीच जात नाहीत. का, ते गणिताच्या सरांना न विचारता शोधून पाहा.

तिन्ही खेळांत फुले तीच, झाडे तीच. बदलले काय? किंमत भागिले उत्पन्न, म्हणजेच पुढच्या फळासाठी थांबण्याचा काळ. निवांत खेळ रचणाऱ्याच्या हातातली खरी कळ ही आहे. बाकीची रंगरंगोटी.

प्रत्यक्ष खेळात ही कळ कशी फिरवतात ते पाहू. फ्रेंच प्रोग्रॅमर ज्युलियन थिएनो याने २०१३ साली केलेला ‘कुकी क्लिकर’ हा या कुळातला सर्वांत गाजलेला खेळ. त्यात नाण्यांऐवजी बिस्किटे मिळतात. बिस्किटे भाजायला एक आजी ठेवता येते. पहिल्या आजीची किंमत १०० बिस्किटे, आणि ती सेकंदाला १ बिस्कीट भाजते. म्हणजे १०० सेकंदांत तिची किंमत वसूल. पण प्रत्येक खरेदीनंतर किंमत १५ टक्क्यांनी वाढते. हे तुमच्या पाठ्यपुस्तकातले चक्रवाढ व्याजच! १.१५ ला १.१५ ने असे गुणत जा, पाच वेळा गुणल्यावर २.०१ येते. म्हणजे दर पाच आज्यांमागे किंमत दुप्पट. पन्नास आज्या झाल्या की ती दहा वेळा दुप्पट झालेली असते, आणि ५१ वी आजी सुमारे १,०८,००० बिस्किटांना पडते. भाजते मात्र तीही सेकंदाला एकच. तिची किंमत वसूल व्हायला ३० तास लागतील!

म्हणजे आपल्या दुसऱ्या तऱ्हेसारखा हा खेळही अडणार. तसा तो अडू लागतोच, आणि नेमक्या त्या वेळी दुकानात नवी वस्तू दिसू लागते : शेत. किंमत ११००, पण सेकंदाला ८ बिस्किटे. हिशेब करा. शेत १३७.५ सेकंदांत फिटते. चौथी आजी सुमारे १५२ ला पडते, म्हणजे तिला १५२ सेकंद लागतात. तेव्हा तीन आज्यांनंतर शेतासाठी साठवणे बरे. पण ११०० जमेपर्यंत हात बांधून बसायचे, की मधे एखादी आजी घेऊन वेग वाढवायचा? येथे खेळाडूला खरोखर विचार करावा लागतो, आणि त्याचा विचार बरोबर होता की नाही हे थोड्याच वेळात आकड्यांत दिसते. शेतही महागले की त्याच्या पुढची वस्तू तयार असतेच. थांबणे लांबते, एकदम आखूड होते, पुन्हा लांबते. लाटेसारखे.

हा लेख लिहिण्यासाठी म्हणून मी तो खेळ एका रविवारी उघडला. शेताचा हिशेब मांडून झाल्यावर तो बंद करायला हवा होता. बुधवारी रात्री केला.

पण नुसत्या आकड्यांनी माणूस असा का गुंतावा? येथे आपल्याला जंगलात परत जावे लागेल. ताडोबा हे १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९९५ साली व्याघ्र प्रकल्प. मोहर्लीच्या फाटकातून सकाळी गाड्या आत जातात. वाघ दिसेल की नाही, कोणीच सांगू शकत नाही. मग एकाएकी चितळ ओरडते, किंवा झाडावरचे वानर खाकरल्यासारखा आवाज काढते. गाइड हात वर करून गाडी थांबवतो. ‘कॉल’ आला! वाघ अजून दिसलेला नाही, कदाचित दिसणारही नाही. तरी गाडीतला प्रत्येक जण श्वास रोखून बसतो. पहिल्यांदा आलेल्या पाहुण्याला या आवाजाचे काही वाटत नाही. त्याला आनंद होतो तो वाघ दिसल्यावर. गाइडचे तसे नसते. त्याच्या अंगावर काटा येतो तो कॉल ऐकून.

शास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूत हेच पाहिले. मेंदूतल्या काही चेतापेशी ‘डोपामिन’ नावाचे रसायन सोडतात. माकडाला अचानक फळांच्या रसाचा थेंब मिळाला की या पेशी जोरात काम करू लागत. मग रसाच्या आधी दर वेळी एक खूण दाखवायला सुरुवात केली. काही दिवसांनी पेशी खूण दिसताच जाग्या होऊ लागल्या, आणि रस मिळाल्यावर मात्र गप्प! खूण दाखवून रस दिलाच नाही, तर त्या क्षणी त्यांचे काम नेहमीपेक्षाही मंदावे. म्हणजे या पेशी फळ मोजत नाहीत. अपेक्षा होती किती आणि मिळाले किती, यांतला फरक त्या मोजतात. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या पुढच्या प्रयोगात आणखी एक गोष्ट कळली. रस मिळण्याची आणि न मिळण्याची शक्यता अगदी निम्मी निम्मी असेल, तेव्हा खूण दिसल्यापासून निकाल लागेपर्यंत या पेशींचे काम चढत जाते, आणि ते सर्वाधिक चढते ते याच वेळी.

माकडाच्या रसावरून माणसाच्या खेळावर उडी मारताना जपून मारावी. पण तसा थोडा पुरावा आहे. १९९८ साली लंडनमधल्या संशोधकांनी ८ स्वयंसेवकांना रणगाड्याचा व्हिडिओ गेम खेळायला दिला आणि त्याच वेळी त्यांच्या मेंदूचे चित्रण केले. खेळताना डोपामिन स्रवत असल्याचे दिसून आले. डोपामिन म्हणजेच आनंद, असे मात्र समजू नका. वर्तमानपत्रांत तसे पुष्कळदा छापून येते. ‘आता काही तरी होणार’ या ओढीशी त्याचे नाते अधिक जवळचे आहे.

आता निवांत खेळाकडे पुन्हा पाहा. ठरलेल्या वेळी ठरलेली नाणी मिळत राहिली, तर थोड्याच दिवसांत अपेक्षा आणि फळ यांत फरक उरणार नाही. म्हणून किंमत चढते, नवी वस्तू येते, आणि मधूनच काही न सांगता येणारेही घडते. कुकी क्लिकरमध्ये अवचित एक सोनेरी बिस्कीट दिसते आणि थोड्या वेळात नाहीसे होते. ते सापडावे म्हणून माणूस पडद्याकडे पाहत राहतो. मोहर्लीच्या रस्त्यावरचा पाहुणा झुडपांकडे पाहतो तसाच.

सगळ्या खेळांची गोडी एवढ्यातच असते असे नाही. मिहाय चिकसेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञाने कडे चढणारे, बुद्धिबळ खेळणारे, नाचणारे यांना त्यांच्या आनंदाविषयी विचारले आणि १९७५ साली त्यावर पुस्तक लिहिले. काम आपल्या ताकदीच्या मानाने फार सोपे असेल तर कंटाळा येतो, फार अवघड असेल तर धास्ती वाटते. दोन्हींच्या मधल्या पट्टीत माणूस तहानभूक विसरतो. कंच्यांचा खेळ रंगतो तो तोडीस तोड भिडू मिळाला म्हणजे. १९८४ साली मॉस्कोत तयार झालेल्या ‘टेट्रिस’मध्ये तुकड्यांचा वेग वाढत जातो तोही याचसाठी. त्या पट्टीत खेळाडू स्वतः तरबेज होत जातो. निवांत खेळात वाढतो तो बहुतेक आकडाच. माझे मत विचाराल तर हा या खेळांचा मोठा उणेपणा आहे, जरी पहिल्या तासाभरातले त्यांचे गणित मला मनापासून आवडले.

दुसरा फरक मोहाच्या झाडाशी ताडून पाहा. मोहाचा हंगाम काही आठवड्यांचा. फुले सरली की टोपली घरात टांगली जाते. मोबाइलमधले झाड बारा महिने गळते. आणि थांबण्याचा काळ हीच कळ असल्यामुळे ती विकताही येते. ‘३० सेकंदांची जाहिरात पाहा, दुप्पट नाणी मिळवा’ ही पाटी तुम्ही पाहिली असेल. ती साधारण कोणत्या वेळी येते, याची नोंद ठेवा. वहीत दोन रकाने आखा. एकात पुढच्या खरेदीसाठी किती थांबावे लागले ते लिहा, दुसऱ्यात पाटी आली का ते. वीस-पंचवीस नोंदींनंतर आलेख काढा. लाट दिसेल, आणि पाट्या लाटेच्या कोणत्या भागावर बसल्या आहेत तेही दिसेल. शिक्षकांनी ही नोंद वर्गात चिंचोक्यांच्या आलेखाशेजारी लावावी.

बोगोस्टच्या गाईंचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिलेच. लोक थांबेनात, तेव्हा २०११ साली त्याने गाईंचा प्रलय जाहीर केला, आणि ठरल्या वेळी सगळ्या गाई नाहीशा केल्या. कुरणावर त्या उभ्या होत्या तेवढी जागा मोकळी राहिली. त्यानंतरही काही जण दर सहा तासांनी येत आणि त्या मोकळ्या जागेवर टिचकी मारून जात.