केसपेपरच्या खिडकीवरचे गुपित

निफाडसारख्या तालुक्याच्या गावी कोणत्याही सकाळी बाह्यरुग्ण विभागात थोडा वेळ उभे राहिले, तर भोवतालच्या दहा-पंधरा माणसांच्या प्रकृतीची इत्थंभूत माहिती आपोआप कानांवर पडते. खिडकीच्या आतून नाव, गाव, वय विचारले जाते आणि पाठोपाठ ‘काय होतंय?’ हा प्रश्न येतो. गलका असतो, म्हणून प्रश्न चढ्या आवाजात विचारलेला असतो; आणि आतल्याला ऐकू जावे म्हणून उत्तरही त्याच पट्टीत द्यावे लागते. सरकारी रुग्णालय असो वा खाजगी दवाखाना, ग्रामीण महाराष्ट्रात हा प्रकार इतका अंगवळणी पडला आहे की, त्यात काही वावगे आहे असे ना विचारणाऱ्याला वाटते, ना ऐकणाऱ्याला. वाटते ते फक्त सांगणाऱ्याला. परंतु त्या घटकेला तक्रार करण्याचे त्राण त्याच्या अंगी नसते.

सर्दी-पडसे असेल तर कोणाचे काही बिघडत नाही. परंतु ‘अंगावरून जातं’ एवढेच दबल्या आवाजात सांगणाऱ्या बाईला ‘पांढरं की लाल? किती दिवस झाले?’ असे खिडकीतून विचारले गेले, किंवा गुप्तरोगाच्या शंकेने आलेल्या तरुणाला ‘नीट सांगा, कुठल्या डॉक्टरांकडे पाठवू?’ असे दरडावले गेले, म्हणजे त्यांची काय अवस्था होत असेल याची कल्पना करावी. मुंबईच्या रांगेत मागे उभा असलेला माणूस बहुधा अनोळखी असतो. तो ऐकतो आणि विसरून जातो. तालुक्याच्या गावी अनोळखी असा कोणी नसतोच. मागे उभा असतो तो भाऊबंदांपैकी कोणी, लासलगावच्या कांदाबाजारात नेहमी भेटणारा व्यापारी, मुलाच्या शाळेतील शिक्षक, किंवा ज्या घराशी सोयरीक जुळत आली आहे त्या घरचा पाहुणा. सकाळी खिडकीवर उच्चारलेला एक शब्द संध्याकाळपर्यंत चांदोरी-सायखेड्याला पोचतो, आणि ठरत आलेले लग्न मोडण्यास तेवढा पुरतो. खाजगीपणा म्हणजे शहरी लोकांचे चोचले, खेड्यात त्याचे काय, हा समज म्हणूनच नेमका उलटा आहे. जेथे सर्वजण एकमेकांस ओळखतात, तेथेच त्याची गरज अधिक.

हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न असता, तर त्यावर एवढी शाई खर्च करण्याचे कारण नव्हते. प्रश्न उपचाराचा आहे. ज्याच्या खिशात पैसे आहेत तो निफाडच्या दवाखान्याची पायरी न चढता नाशिकची एस.टी. धरतो आणि अनोळखी डॉक्टर गाठतो. ज्याला ते शक्य नाही, तो खिडकीवर ‘ताप येतो’, ‘डोकं दुखतं’ असे काहीतरी सांगून वेळ मारून नेतो. द्राक्षबागांच्या कामासाठी पेठ-सुरगाण्याकडून येणाऱ्या मजुरांची स्थिती तर आणखी अवघड. त्यांच्या बोलीतले दुखणे आतल्या माणसाला उमगत नाही, आणि मग तेच उत्तर दोन-तीनदा, अधिकाधिक मोठ्याने द्यावे लागते. अशा वेळी माणूस गप्प राहणे पसंत करतो. क्षयरोग्याने असे मौन धरले, तर त्याचे उपचार लांबतात आणि घरातील लहान मुलांना संसर्ग होतो. क्षयरोग्याची नोंद शासनाकडे करणे २०१२ पासून बंधनकारक आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु शासनाला कळणे निराळे आणि रांगेला कळणे निराळे.

ज्यांचा जन्म १८४२ साली याच निफाडात झाला, त्या न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी समाजसुधारणेच्या चार मार्गांची चर्चा केली होती : परंपरेतूनच सुधारणेचा आधार शोधणे, लोकांच्या सदसद्विवेकबुद्धीला आवाहन करणे, दंडाचा धाक घालणे, आणि शेवटी बंड. प्रस्तुत प्रश्नाला ही मांडणी लावून पाहण्यासारखी आहे.

परंपरेचा आधार शोधावयास दूर जावे लागत नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात वैद्यकाच्या विद्यार्थ्याला गुरूने द्यावयाचा जो उपदेश आहे, त्यात रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर बोलू नयेत असे स्पष्ट बजावले आहे. ग्रीकांच्या हिपॉक्रेटिसच्या नावे चालत आलेल्या शपथेतही हेच बंधन आहे. दोन भिन्न संस्कृतींनी वैद्याच्या तोंडाला एकच कुलूप घातले, कारण रुग्णाचा विश्वास उडाला की वैद्याचे ज्ञान निरुपयोगी ठरते, हे दोघींनीही ओळखले होते.

कायद्याची बाजूही दुबळी नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेने रुग्णाचे गुपित फोडण्यास डॉक्टरला मनाई केली असून, न्यायालयाचा आदेश, विशिष्ट व्यक्तीस किंवा समाजास असलेला गंभीर धोका आणि नोंदणी सक्तीची असलेले रोग एवढेच अपवाद ठेवले आहेत. एच.आय.व्ही.ची बाधा आढळल्यामुळे एका सार्वजनिक कंपनीने काम नाकारलेल्या मजुराचा खटला १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयात चालला. त्याचे नाव उघड होऊ नये म्हणून न्यायालयाने त्याला केवळ ‘एम.एक्स.’ या अक्षरांनी दाद मागू दिली, आणि निकालही त्याच्या बाजूने दिला. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात असेही म्हटले की, हा अधिकार निरपवाद नाही. नियोजित वधूच्या जिवाला धोका असेल तर रुग्णालयाने मौन सोडले म्हणून त्याला दोष देता येणार नाही. ही मर्यादा रास्त आहे. परंतु केसपेपरच्या रांगेत मागे उभ्या असलेल्या माणसाच्या जिवाला असा कोणता धोका असतो? २०१७ साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. त्याच वर्षी झालेल्या एच.आय.व्ही.विषयक आणि मानसिक आरोग्यविषयक कायद्यांनी गोपनीयतेची हमी दिली, तर गर्भपाताच्या कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीने स्त्रीचे नाव उघड करणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंतच्या तुरुंगवासाची तरतूद केली.

मग एवढे असूनही गुपित फुटते कसे? उत्तर साधे आहे. यातील बरीचशी बंधने आतल्या खोलीतील डॉक्टरवर आहेत. गुपित फुटते ते बाहेरच्या खिडकीवर. वैद्यक परिषदेची आचारसंहिता नोंदणीकृत डॉक्टरला लागू होते. खिडकीवर बसणारी मुलगी किंवा चिठ्ठ्या फाडणारा कारकून कोणत्याही परिषदेच्या पटावर नसतो. त्याने कसली शपथ घेतलेली नसते, आणि काय विचारावे, काय विचारू नये, हे त्याला बहुधा कोणी शिकविलेले नसते. शिवाय तोही याच गावचा; पगार तुटपुंजा आणि समोर शंभर माणसे. डॉक्टर दार लावून हळू आवाजात जे विचारतात, ते त्याआधीच बाहेर सर्वांसमक्ष विचारून झालेले असते. तेव्हा दोष त्या मुलीच्या माथी मारून भागणार नाही. तिला तेथे बसविणाऱ्याने तिच्या जिभेची जबाबदारीही आपली मानली पाहिजे.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, तक्रार विचारल्याशिवाय रुग्णाला कोणत्या खोलीत पाठवावयाचे हे कसे कळणार? दम लागलेल्या, सर्पदंश झालेल्या, किंवा बागेत फवारणी करताना विषबाधा झालेल्या माणसाच्या बाबतीत हे अगदी खरे आहे. तेथे क्षणाचाही विलंब होता कामा नये. बाकीच्यांना मात्र ‘पुरुष विभाग, स्त्रियांचा विभाग, की लहान मुलांचा?’ एवढे विचारले तरी बहुतेक काम भागते. उरलेले आत परिचारिकेने बाजूला घेऊन विचारावे. दुसरा आक्षेप असा की, आपल्याकडे आजारपण हे घराचे, भावकीचे असते; चार माणसे सोबत आल्याखेरीज रुग्ण दवाखान्यात येतच नाही. तेही खरे. परंतु ती चार माणसे रुग्णाने स्वतः निवडलेली असतात. रांग त्याने निवडलेली नसते.

उपाय खर्चिक नाहीत. अनेक बँकांत खिडकीपासून दोन हातांवर पट्टी आखून मागच्याला तेथे थांबविले जाते. पैशांसाठी जे अंतर राखता येते, ते दुखण्यासाठी का राखता येऊ नये? पुकारा नावाऐवजी क्रमांकाने करता येईल. तक्रार सांगण्याऐवजी चिठ्ठीवर लिहून देण्याची, आणि लिहिता न येणाऱ्यास परिचारिकेकडे पाठविण्याची सोय करता येईल. आदल्या रुग्णांची नावे व रोग दाखविणारी नोंदवही पुढच्याच्या नजरेसमोर उघडी पडणार नाही, एवढे पाहता येईल. सरकारी यंत्रणेला ही दृष्टी नाही असेही नाही. गुप्तरोगांच्या उपचारकेंद्रांना ‘सुरक्षा क्लिनिक’ असे नाव देण्यामागे दारावरची पाटी वाचून कोणाची मान खाली जाऊ नये हाच विचार आहे. राज्याच्या आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचे शुल्क माफ झाले. खिडकीवरचे पैसे गेले. आता खिडकीवरची लाजही जावी.

रानड्यांच्या चार मार्गांपैकी परंपरा आपल्या बाजूची आहे आणि कायदाही आहे. बंडाची अपेक्षा आजारी माणसाकडून करणे क्रूरपणाचे होईल. राहिला मार्ग सदसद्विवेकबुद्धीचा, आणि तो दवाखाना चालविणाऱ्याइतकाच रांगेत उभ्या असलेल्या आपल्यालाही लागू आहे. आपल्या पुढचा माणूस खिडकीशी वाकून हळू आवाजात काही सांगू लागला, की दोन पावले मागे सरण्यासाठी कोणत्याही शासकीय आदेशाची वाट पाहावी लागत नाही.