किती आणि कितीला

सकाळी 9.30
तुमसरच्या बाजार समितीपुढे धानाच्या ट्रॅक्टरांची रांग. आठवीतला एक पोरगा बापासोबत पोत्यांवर बसलेला. "धान कितीले गेलं?" मी विचारतो. तो भाव सांगतो, किती पोती ते सांगत नाही. आजचा पाठ इथेच सापडला.

11.15
आठवीचा तास. फळ्यावर लिहितो : 'तू तांदूळ कितीला घेतलास?' याचं इंग्रजी करा. बऱ्याच वह्यांत येतं : 'हाऊ मच राइस डिड यू बाय?' या प्रश्नाला उत्तर मिळेल '5 किलो'. पैशांचा पत्ताच नाही. 'फॉर' गळला की भावाचा प्रश्न मापाचा होतो. हवं होतं : 'हाऊ मच डिड यू बाय द राइस फॉर?'
मराठीत 'ला' कितीला चिकटून राहतो. इंग्रजीत बोलताना 'फॉर' सहसा वाक्याच्या शेवटी जातो.
"सर, पहिले ठेवला त चालते का?" मागच्या बाकावरून प्रश्न. चालतं. 'फॉर हाऊ मच' चूक नाही, पुस्तकी आहे. फक्त पुढे एक आणि मागे एक, असे दोन लावू नका.

12
'पे' आला की 'फॉर' वस्तूच्या आधी : 'हाऊ मच डिड यू पे फॉर द राइस?' वस्तू सांगायची नसेल, तर 'हाऊ मच डिड यू पे?' एवढंच पुरतं.

दुपारी 1.30
खिचडीची सुट्टी. शालेय पोषण आहारात सहावी ते आठवीला माणशी 150 ग्रॅम तांदूळ. प्रश्न तयारच : 'हाऊ मेनी ग्रॅम्स ऑफ राइस?' हा 'ऑफ' माप आणि वस्तू यांच्या मधलाच. त्याला शेवटी ढकलायचं नाही.

2.30
नववी. 'अ‍ॅट व्हॉट रेट' मध्ये 'अ‍ॅट' पुढेच शोभतो. मग वैनगंगेचा ऑगस्ट 2020 चा पूर : 'हाऊ मच डिड द रिव्हर राइज?' इथे शेवटी 'ने' अर्थाचा 'बाय' लावला तरी चालतं, नाही लावला तरी अर्थ तोच. म्हणजे प्रत्येक शब्दाची चाल वेगळी. एकच नियम सगळीकडे ठोकता येत नाही.

5
वह्या तपासतो. चुकलेल्या प्रश्नाखाली लाल रेघ मारत नाही. त्या प्रश्नाला जे उत्तर मिळेल ते लिहितो. '5 किलो' वाचलं की पोरं स्वतःच 'फॉर' शोधतात.

इंग्रजी शिकवणाऱ्यांनी एवढं करून पाहावं : प्रश्न लिहिण्याआधी उत्तर ठरवून घ्यावं. उत्तर रुपयांत हवं असेल आणि क्रियापद 'बाय' किंवा 'सेल' असेल, तर 'फॉर' विसरू नये.