सिझर की नॉर्मल? हर्पिस असताना बाळंतपणाचा निर्णय

दिवस भरत आले की शिरूर काय आणि दौंड काय, घरोघरी एकच चौकशी सुरू होते. नॉर्मल होईल ना, की सिझर करावं लागेल? बाळ आडवं आहे, पाणी कमी झालंय, नाळेचा वेढा आहे, हे सगळं मोकळेपणाने बोललं जातं. पण या निर्णयावर परिणाम करणारं एक कारण आपल्याकडे कुणीच तोंडावर आणत नाही. जिला त्रास होतो ती बाईसुद्धा नाही. ते म्हणजे जननेंद्रियांवरचा हर्पिस.

त्याबद्दल दोन टोकाचे समज आहेत. एक, हर्पिस म्हटला की सिझरच. दुसरा, फोड येतात आणि जातात, त्यात डॉक्टरला काय सांगायचं? दोन्ही चुकीचे आहेत. बाळंतपण कसं करायचं हे मुख्यतः दोन प्रश्नांवर ठरतं: फोड आयुष्यात पहिल्यांदा कधी आले, आणि कळा सुरू झाल्या तेव्हा ते अंगावर आहेत का? दुसऱ्याचं उत्तर डॉक्टर तपासून शोधू शकतात. पहिल्याचं उत्तर त्या बाईने सांगितल्याशिवाय मिळत नाही.

आजार कसा असतो

सुरुवात बहुधा अशी होते. खालच्या जागेवर आग होते, मग बारीक पाणीदार फोडांचा पुंजका उठतो. ते फुटून चट्टे पडतात, लघवीला बसलं की डोळ्यांत पाणी येतं, ताप येतो, जांघेत अवधाण येतं. घरात त्याला ‘उष्णता झाली’ म्हणतात. सब्जाचं, धण्या-जिऱ्याचं पाणी दिलं जातं, मेडिकलमधून एखादी ट्यूब येते. दोन-तीन आठवड्यांत चट्टे बुजतात आणि विषय संपला असं वाटतं.

तो संपलेला नसतो. हर्पिस सिम्प्लेक्स विषाणू कण्याच्या खालच्या टोकाजवळच्या मज्जातंतूंच्या गाठींत कायमचा मुक्काम करतो. थकवा, आजारपण, पाळी, अशा काही निमित्ताने तो परत वर येतो. परतीचे फोड थोडे असतात, लवकर बरे होतात आणि त्याआधी त्याच जागी मुंग्या किंवा चुणचुण जाणवते. या विषाणूचे दोन प्रकार आहेत. ओठावर ‘ताप उतू येतो’ तो बहुधा पहिला, खाली येतो तो बऱ्याचदा दुसरा, पण पहिलाही खाली येऊ शकतो. कमरेला पट्ट्यासारखी येणारी नागीण मात्र निराळ्याच विषाणूची आहे.

हा आजार दुर्मीळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२४ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार १५ ते ४९ वयोगटातल्या ८४ कोटी ६० लाख लोकांना जननेंद्रियांच्या हर्पिसची लागण झालेली आहे, म्हणजे पाचातल्या एकाहून अधिक जणांना. पुण्यात लैंगिक आजारांच्या दवाखान्यांत आलेल्या २,७३२ जणांवरचा एक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या ४३ टक्के लोकांच्या रक्तात दुसऱ्या प्रकाराच्या लागणीची खूण होती. हे दवाखान्यातले आकडे आहेत, गावाचे नव्हेत. पण आजार आपल्या पुणे जिल्ह्यात आहे, एवढं त्यावरून कळतं. लागण झालेल्यांपैकी बहुतेकांना लक्षणं नसतात किंवा अगदी सौम्य असतात, आणि लागण कुणाकडून, कधी झाली हे अनेकदा सांगता येत नाही. म्हणून हर्पिस निघाला की बाईच्या चारित्र्याकडे बोट दाखवणं हे क्रूर तर आहेच, शिवाय वैद्यकीयदृष्ट्या निराधारही आहे.

बाळाला धोका कधी

बाळाला लागण होते ती मुख्यतः बाहेर येताना, जन्ममार्गातल्या विषाणूच्या संपर्काने. आईला हा आजार जुना असेल तर तिच्या रक्तात त्याविरुद्धची प्रतिपिंडं तयार असतात. शेवटच्या महिन्यांत ती वारेतून बाळापर्यंत पोचतात आणि बाळ काही प्रमाणात संरक्षण घेऊनच जन्माला येतं. अशा आईच्या बाळाला लागण होण्याची शक्यता एक टक्क्याहूनही कमी असते. गरोदरपणाच्या पहिल्या अर्ध्या काळात लागण झाली तरी जवळपास हेच चित्र असतं.

पहिली लागणच शेवटच्या आठवड्यांत झाली, तर मात्र प्रतिपिंडं बनायला वेळच मिळत नाही. तेव्हा ही शक्यता ३० ते ५० टक्क्यांपर्यंत जाते. आजार तोच, पण काळ बदलला की धोका इतका बदलतो.

सिझरने फरक पडतो का, याचं ठोस उत्तर अमेरिकेतल्या सिएटलच्या संशोधकांनी २००३ मध्ये दिलं. बाळंतपणाच्या वेळी ज्यांच्या जननमार्गात विषाणू सापडला अशा २०२ स्त्रियांपैकी ८५ जणींचं सिझर झालं, त्यात एका बाळाला लागण झाली. नॉर्मल झालेल्या ११७ जणींमध्ये नऊ बाळांना झाली. म्हणजे सिझरने धोका बराच घटतो, पण शून्य होत नाही.

मग निर्णय कसा होतो

फोड जुने आहेत, अधूनमधून येतात, पण कळा सुरू झाल्यावर काही नाही, आग किंवा चुणचुणही नाही: अशा वेळी नॉर्मल बाळंतपण योग्य. फक्त हर्पिसच्या इतिहासासाठी पोट उघडायचं कारण नाही.

पहिलेच फोड शेवटच्या तिमाहीत आले, त्यातही प्रसूतीच्या तारखेआधीच्या सहा आठवड्यांत: इथे सिझरचा सल्ला दिला जातो. फोड बुजले असले तरी ब्रिटनची मार्गदर्शक तत्त्वं हेच सांगतात.

जुना आजार, पण कळांच्या वेळी फोड आहेत: या ठिकाणी जाणकारांतही मतभेद आहेत. अमेरिकेत फोड किंवा त्याआधीची चुणचुण असली तरी सिझर सुचवतात. ब्रिटनमध्ये बाळाचा धोका कमी असल्याचं आईला समजावून नॉर्मलचा पर्यायही देतात. माझं मत असं की जिथून नवजात बाळाचा अतिदक्षता विभाग तासाभराहून लांब आहे, तिथे डॉक्टर सिझरकडे झुकले तर ते समजून घ्यावं. पण दोन्ही बाजू आईपुढे ठेवल्या गेल्या पाहिजेत.

फोड मांडीवर किंवा कुल्ल्यावर आहेत आणि जन्ममार्ग स्वच्छ आहे: ती जागा पट्टीने झाकून नॉर्मल होऊ शकतं.

सिझर म्हणजे पोटावरचा एक टाका नव्हे. पुढच्या खेपेला वार खाली असण्याचा किंवा जुन्या व्रणात रुतण्याचा धोका वाढतो, सावरायला जास्त दिवस लागतात. उसाच्या फडात किंवा रांजणगाव, कुरकुंभच्या एमआयडीसीत उभ्याने काम करणाऱ्या बाईला हे दिवस महाग पडतात. म्हणून गरज असेल तिथे ते तातडीने व्हावं, आणि गरज नसेल तिथे होऊ नये.

टॉर्चच्या रिपोर्टची भीती

आपल्याकडे गरोदरपणात ‘टॉर्च’ ही काही लागणींसाठीची रक्ततपासणी लिहून देण्याची पद्धत आहे. त्यात हर्पिसही येतो. रिपोर्टवर आयजीएम (प्रतिपिंडांचा एक प्रकार) पॉझिटिव्ह दिसलं की घर हादरतं. पण हर्पिसच्या बाबतीत ही चाचणी भरवशाची नाही. लागण नवी की जुनी, आणि विषाणू कोणत्या प्रकारचा, हे ती नीट सांगू शकत नाही. आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे बहुधा जुनी लागण, ओठावरचीसुद्धा. लक्षणं नसताना केवळ या कागदावरून सिझर ठरवू नये आणि गर्भपाताचा विचार तर मुळीच करू नये. फोड असतील तर त्यातला स्राव कापसाच्या काडीवर घेऊन केलेली पीसीआर तपासणी जास्त खात्रीची असते.

छत्तिसाव्या आठवड्याची गोळी

ज्यांना आधीपासून फोड येतात त्यांना ३६ व्या आठवड्यापासून प्रसूतीपर्यंत रोज असायक्लोव्हिर देतात, सहसा ४०० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा. त्यामुळे ऐन वेळी फोड येण्याची शक्यता घटते आणि त्याच कारणाने होणारी सिझरही कमी होतात. ज्या संशोधनातून हे औषध आलं त्यातल्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ चं नोबेल मिळालं. बाळाला इजा होईल का ही भीती साहजिक आहे. डेन्मार्कमध्ये सुमारे ८ लाख ३७ हजार बाळांच्या नोंदी तपासल्या गेल्या, त्यातल्या १,८०४ बाळांच्या आयांनी पहिल्या तिमाहीत या गटातली औषधं घेतली होती. त्या बाळांत जन्मजात व्यंगांचं प्रमाण वाढलेलं आढळलं नाही.

हे औषध महागडं नाही. सरकारी रुग्णालयांतल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये लैंगिक आजारांसाठी रंगवार औषधांची किट मोफत मिळतात. हर्पिसचं किट पाच क्रमांकाचं, लाल, आणि त्यात हीच गोळी सात दिवसांसाठी असते. गरोदरपणातला डोस आणि कालावधी मात्र डॉक्टरांनीच ठरवायचा.

फाइल सासरी, बाळंतपण माहेरी

आपल्या भागातली खरी अडचण इथे आहे. भीमेच्या एका तीरावर मांडवगण फराटा, पलीकडे दौंड तालुक्यातली गावं, आणि सोयरिकी दोन्हीकडे. समजा, दौंडला नांदणारी पहिलटकरीण सातव्या महिन्यात शिरूरला माहेरी आली. सुरुवातीच्या तपासण्या दौंडच्या डॉक्टरकडे, बाळंतपण शिरूरला. तिसऱ्या महिन्यात आलेले फोड जुन्या फाइलमध्ये असले तर असतील, तिच्या हातातल्या माता-बाल कार्डावर ते नसतात. नियमित तपासणीत एचआयव्ही, सिफिलिस, कावीळ ब पाहतात. हर्पिस पाहत नाहीत, आणि सरसकट पाहायची शिफारसही नाही. म्हणजे तिने सांगितलं नाही तर नव्या डॉक्टरला काहीच कळणार नाही. आणि सांगणार कशी? तपासणीच्या खोलीत शेजारी आई किंवा सासू बसलेली असते.

त्यासाठी एक वाक्य पुरेसं आहे: “डॉक्टर, मला दोन मिनिटं तुमच्याशी एकटीने बोलायचंय.” मग एवढंच: “मला खाली फोड येतात, पहिल्यांदा अमुक महिन्यात आले होते.” दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, तो दिवस यासाठी चांगला. डॉक्टर आणि सिस्टर यांनीही हा प्रश्न स्वतःहून, नातेवाइकांना बाहेर थांबवून विचारायला हवा.

कळा सुरू झाल्यावर डॉक्टरांनी उजेड लावून ती जागा नीट पाहणं हा तपासणीचा भाग आहे. इतिहास माहीत असेल तर बाळाच्या डोक्याच्या त्वचेला टोचणारी उपकरणं टाळतात, विनाकारण पाणी फोडत नाहीत, चिमटा किंवा व्हॅक्यूमही गरज असेल तरच वापरतात. फोड असताना पाणी गेलं तर घरी थांबू नये, १०८ बोलवावी. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातलं सिझर, औषधं आणि पुढे पाठवण्याची गाडी मोफत आहे.

नवरा आणि बाळाचा पहिला महिना

नवऱ्याला फोड येतात आणि बायकोला कधीच आले नाहीत, तर शेवटच्या तिमाहीत संबंध टाळणं हाच तिच्या आणि बाळाच्या रक्षणाचा मार्ग. पहिली लागण या काळात होणं सर्वांत वाईट. ओठावर फोड असेल तर मुखमैथुनही नको. ही जबाबदारी त्याची आहे आणि आपल्याला फोड येतात हे त्याने स्वतः डॉक्टरांना सांगितलं पाहिजे.

बाळाला लागण झाली तर लक्षणं बहुधा पहिल्या तीन-चार आठवड्यांत दिसतात. बाळ दूध ओढत नाही, मलूल पडतं, ताप येतो किंवा अंग गार पडतं, झटके येतात, अंगावर पाणीदार फोड उठतात. नेमकं तेव्हा ते माहेरी शेक-शेगडीत असतं आणि ‘दृष्ट लागली’ म्हणून वेळ जातो. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी घरी येते, तिला हे सांगावं. उपचार आहे: शिरेतून असायक्लोव्हिर, १४ ते २१ दिवस. तो जितक्या लवकर सुरू होईल तितकं बाळ वाचण्याची आणि मेंदू सुखरूप राहण्याची आशा जास्त. शिरूर किंवा दौंडहून पुणे सत्तरेक किलोमीटर आहे, म्हणून शंका आल्याबरोबर निघावं.

आईने अंगावर पाजावं. फक्त स्तनावरच फोड असेल तर त्या बाजूने पाजू नये. आणि बारशाला आलेल्या कुणाच्याही ओठावर फोड असेल तर बाळाचा मुका घ्यायचा नाही, मग ती आत्या असो की आजी.

हर्पिस असलेल्या बहुतेक स्त्रियांची बाळं निरोगी जन्मतात आणि त्यातल्या अनेकींचं बाळंतपण नॉर्मल होतं. त्यासाठी मोठं यंत्र लागत नाही. वेळेवर सांगितलेली एक गोष्ट, छत्तिसाव्या आठवड्यापासूनची गोळी आणि कळांच्या वेळची नीट तपासणी लागते. यातलं पहिलं घडावं म्हणून घरातल्यांनी तिला दोष देणं थांबवलं पाहिजे. लाजेपोटी लपवलेल्या आजाराची किंमत बाळाला मोजावी लागू नये, ही जबाबदारी तिच्या एकटीची नाही.