घोडीवरचा दोरा

इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्या पोरांमध्ये एक वाद कायम रंगतो : आवाज लाकडाचा की लोखंडाचा? या गिटारीचं अंग बहुधा भरीव असतं आणि तारांखालचं चुंबकाचं पिकअप पोलादी तारेची थरथर टिपतं. त्यामुळे तार, ब्रिज आणि पिकअपची जागा यांचा वाटा मोठा. लाकडाचा किती, यावर अजून एकमत नाही. संपादकांनी हा विषय सुचवला तेव्हा मला नगरहून मिरजेची वाट धरावीशी वाटली. हाच प्रश्न तिथले सतार-तंबोऱ्याचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या हातानं सोडवत आले आहेत.

मिरजेचा इतिहास सर्वश्रुत आहे. एकोणिसाव्या शतकात हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब तंतुवाद्यांकडे वळले आणि त्यांचं घराणं सतारमेकर झालं. पुढे अब्दुल करीम खाँसाहेबांनी गावाचं नाव गाण्यात अजरामर केलं. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

लाकडाचं म्हणाल तर सुरुवात शेतात होते. नगर जिल्ह्याच्या दक्षिण हद्दीवरून वाहणारी भीमा पुढे पंढरपूरकडे जाते. त्या भागात तंबोऱ्याचे कडू भोपळे पिकतात. वाळल्यावर त्यांचं कवच टणक होतं. त्याला तून लाकडाची दांडी आणि तबली, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरची पातळ फळी, जोडतात. तबली जाड राहिली तर आवाज आत कोंडतो, फार पातळ झाली तर तारांच्या ताणानं बसते. पण भोपळा उत्तम आणि तूनही जुनं, तरी घोडी चुकली तर तंबोरा मुकाच राहतो.

घोडी म्हणजे तारांखालचा तो छोटा रुंद पाट. पूर्वी ती हस्तिदंताची किंवा साबरशिंगाची असे. वन्यजीव कायदे कडक झाल्यावर हाड, शिसवी लाकूड, फायबर आलं. तिचा माथा सपाट दिसतो, पण त्याला अगदी हलका उतार असतो. जवारी काढताना, म्हणजे तार झंकारावी म्हणून हा माथा घासून जुळवताना, कारागीर तार बाजूला सारतो, कानशीचे दोन-तीन हलके हात मारतो, तार जागेवर आणून छेडतो, ऐकतो. पुन्हा तार सारतो. मग तारेखाली सुती दोरा घालून तो केसभर पुढेमागे सरकवतो. एका जागी तार बोथट बोलते, जरा पुढे चरचरते आणि मधे कुठंतरी एकदम उघडते. खर्जातून गंधार ऐकू यायला लागतो. ती जागा मोजपट्टी दाखवत नाही. गाण्याची पट्टी बदलली की दोराही हलवावा लागतो.

हे का घडतं, याकडे भौतिकशास्त्रज्ञ चंद्रशेखर वेंकट रामन यांचंही लक्ष गेलं होतं. तार जिथं छेडावी तिथं ज्या उपस्वराचा निष्पंद बिंदू येतो, तो उपस्वर नियमानं उमटू नये. तंबोऱ्यात मात्र तोही ठणठणीत वाजतो, हे त्यांनी 1921 च्या सुमारास लिहिलं. कारण तार घोडीच्या उतारावर टेकते-सुटते आणि दर आंदोलनात उपस्वर नव्यानं जागवते. 1967 मध्ये अमेरिकेत कोरल इलेक्ट्रिक सितार निघाली, तेव्हा मूळच्या गिटारीवर सपाट, रुंद ब्रिज बसवूनच सतारीचा झंकार आणायचा प्रयत्न झाला. म्हणजे अंग भरीव असो वा पोकळ, तार जिथं टेकते तिथंच आवाजाचं बरंचसं ठरतं.

आता काळजीची गोष्ट. तारेच्या घासण्यानं घोडीवर चरे पडतात, म्हणून जवारी पुन्हा पुन्हा काढावी लागते. हे काम दुकानाच्या पाटीवर मोठं दिसत नाही आणि त्याचं मोलही गिऱ्हाइकाला पटकन पटत नाही. रियाजाला इलेक्ट्रॉनिक तंबोरा आला, मग मोबाइलमधला. त्यांना ना दोरा लागतो ना कानस. भोपळ्याचंही अवघड आहे. तो वेलीवर पूर्ण पिकावा लागतो, आणि अवेळी पाऊस झाला की जमिनीला टेकलेली बाजू सडते. एवढं करून पोरानं शिकायचं म्हटलं तर हाताआधी कान तयार व्हावा लागतो, आणि त्याला वर्षं जातात. त्या वर्षांत घर कशावर चालवायचं? मानांकनानं नावाची नक्कल थांबेल; शिकणाऱ्याचा पगार त्यातून निघत नाही. संगीत विद्यालयांनी आणि देवळांच्या भजनी मंडळांनी वर्षाकाठी जवारीचं काम ठरवून दिलं, तर निदान एका उमेदवाराची सोय होऊ शकेल.

तुमच्या घरी खुंटीला टांगलेला तंबोरा असेल, तर या दिवाळीआधी त्याच्या तारा बदला, जवारी काढून घ्या आणि कारागीर सांगेल ते पैसे घासाघीस न करता द्या.