तात्या विंचू परतला, पण...

१९९३ साली महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ पाहून अंबाजोगाईच्या रस्त्याने घरी येताना मी वडिलांचा हात सोडला नव्हता. आईने बहिणीची बाहुली फडताळात कोंडली, तेव्हा कुठे झोप लागली!

२०१३ साली ‘झपाटलेला २’ आला, तोही थ्री-डी. पुण्यात भाच्याला घेऊन गेलो. रामदास पाध्यांचाच बाहुला, दिलीप प्रभावळकरांचाच आवाज. चष्म्यातून तात्या विंचू थेट नाकापाशी आला, तरी मी दचकलो नाही. मग उमगले : आम्ही बाहुल्याला भ्यालोच नव्हतो. घाबरलेल्या लक्ष्मीकांत बेर्डे यांना पाहून भ्यालो होतो अन् हसलोही होतो. ते २००४ सालीच गेले. त्यांची जागा कोण भरणार?

दुसरा चित्रपट पहिल्याच्या तोडीचा नाही, असे मी ठरवून टाकले. भाच्याने मात्र घरी पोहोचेपर्यंत माझा हात सोडला नाही.