अजगराच्या अंड्यांचा हिशेब

बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला चार-पाच फुटांचा, बिनविषारी आणि भित्रा अजगर. घाबरला की डोकं आत घेऊन अंगाचा गोळा करतो, त्यावरून हे नाव. अमेरिकेत घरोघरी पाळल्या जाणाऱ्या सापांत तो अगदी वरच्या रांगेत आहे आणि त्याच्या पैदाशीवर तिथे गेल्या तीस वर्षांत एक अख्खा बाजार उभा राहिला. १९९२ मध्ये बॉब क्लार्क यांच्याकडे माणसाने केलेल्या पैदाशीतून पहिली अल्बिनो पिल्लं जन्मली, पांढऱ्या-पिवळ्या अंगाची आणि लालसर डोळ्यांची. अशा पिल्लासाठी हजारो डॉलर मोजणारे लोक होते. मग पांढऱ्या पट्ट्यांचा ‘पाइड’ आला, कोळ्याच्या जाळ्यासारख्या नक्षीचा ‘स्पायडर’ आला आणि हौशीने सुरू झालेली पैदास गुंतवणूक म्हणून विकली जाऊ लागली. हा धंदा ज्या दुर्मीळपणावर चालतो, तो दुर्मीळपणा धंदाच संपवतो. हिशेब जुळतो तो बहुधा हौशी माणसाचाच, कारण त्याने नफा धरलेलाच नसतो.

दुर्मीळपणा संपण्याचं कारण जनुकांतच आहे. अल्बिनोपणा सुप्त जनुकातून येतो. अल्बिनो नर साध्या मादीला लावला तर सगळी पिल्लं साधीच दिसतात, पण प्रत्येकाच्या अंगात ते जनुक दडलेलं असतं. धंद्यात त्यांना ‘हेट’ म्हणतात. दोन हेटच्या पिल्लांत चारांत एक अल्बिनो, तेही सरासरीने. मादी दीडेक किलोची होऊन अंडी घालण्याजोगी व्हायला साधारण तीन वर्षं लागतात. त्यानंतर ती वर्षातून फार तर एकदा सहा-सात अंडी घालते, एखादं वर्ष तेही नाही. म्हणजे आज महागडा नर घेणाऱ्याच्या हाती रंगीत पिल्लं येईपर्यंत तीन-चार वर्षं उलटतात आणि तोवर त्याच रंगाचा नर घेतलेल्या इतरांचीही पिल्लं बाजारात उतरलेली असतात. विकलेला प्रत्येक साप म्हणजे उद्याचा प्रतिस्पर्धी. एकेकाळी हजारोंत विकला जाणारा अल्बिनो आज काही शे डॉलरांत मिळतो. साधा बॉल पायथन तर त्याच्या पेटीहून आणि हीटरहून स्वस्त पडतो. आपल्याकडे इमूपालनाचं पेव फुटलं होतं, तेव्हाही मांस खाणारं गिऱ्हाईक फारसं नव्हतंच. पिल्लं घेणारा पुढच्या घेणाऱ्याच्या भरवशावर बसला होता.

नफ्याची घाई प्राण्यावर कशी उमटते, ते अंड्यापाशीच दिसतं. ३१-३२ अंश तापमानात ठेवलेली, एकमेकांना चिकटलेली पांढरी, कातडी कवचाची अंडी पंचावन्न-साठ दिवसांत फुटतात. पिल्लू तोंडावरच्या बारीक दाताने कवच चिरतं आणि कधी कधी दिवसभर नुसतं डोकं बाहेर काढून बसतं. अनेक पैदासकारांना तेवढा धीर नसतो. ते आधीच कात्रीने कवच कापून आत कोणता रंग निघाला ते पाहतात. ही अधीरता एक वेळ समजू शकते. स्पायडरचं प्रकरण मात्र गंभीर आहे. ज्या जनुकामुळे ती सुंदर नक्षी येते, त्याच्यामुळेच सापाचा तोल जातो, डोकं डगमगतं, काहींना भक्ष्यावर नेम धरता येत नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात या सापांच्या आतल्या कानाच्या रचनेतच दोष आढळला. डगमग तर पैदासकारांना आधीपासून दिसतच होती, तरी नक्षीला मागणी होती म्हणून पैदास चालू राहिली.

यावर धंद्याच्या बाजूने सांगितलं जातं की पैदास झाली म्हणून जंगलातले साप वाचले. यात काही अंशी तथ्य आहे. घरात जन्मलेलं पिल्लू पकडून आणलेल्या सापापेक्षा निरोगी असतं आणि नीट खातंही. पण घाना, टोगो, बेनिनमधून निर्यात झालेल्या सापांत नवे रंग शोधण्याची ओढही याच बाजाराने लावली. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पैसा नसेल तर शेकडो सापांचे उंदीर, वीज, डॉक्टर कुठून येणार? उत्तर सोपं आहे. शेकडो ठेवूच नयेत. खर्च निघावा म्हणून दोन-चार पिल्लं विकणं वेगळं आणि विक्रीसाठी भिंतभर ड्रॉवरमध्ये साप रचणं वेगळं. काहीजण श्रीमंत झाले हे खरंच, पण ते बहुतेक नवा रंग सर्वांत आधी हाती लागलेले.

हा बाजार आपल्यापासून दूर नाही. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाकडे बिस्किटांच्या पाकिटांत लपवलेले बॉल पायथन सापडले होते. देशी साप पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे आणि बॉल पायथनसारख्या विदेशी प्रजातींची २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. बॉल पायथन वीस-तीस वर्षं सहज जगतो. ‘जोडी घ्या, तीन वर्षांत पैसे वसूल’ असं कुणी सांगितलं, तर आधी नोंदणीचे कागद मागा. कागद असले, तरी वसुलीच्या आशेवर ती जोडी घेऊ नका.